दादासाहेब फाळके यांची विलायतवारी

नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे 30 एप्रिल 1870 रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे शास्त्री होते. मुलाचा ओढा मात्र लहानपणापासून चित्रकलेकडे. 1885 साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला, पण तेथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. त्यानंतर पुराणवस्तू खात्यात नोकरी, मग छापखाना, मग भागीदारांशी मतभेद! चाळिशी गाठली तेव्हा हाती ना नोकरी होती, ना धंदा.

अशा वेळी, 1911 साली, गिरगावातील एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहिले. आपल्या देवांच्या कथा अशाच पडद्यावर का येऊ नयेत? या एका प्रश्नाने त्यांचे आयुष्य बदलले.

चित्रपटाची यंत्रसामग्री इकडे मिळणे कठीण होते. त्यासाठी विलायतेलाच जायला हवे होते. आज आपल्या शहरातूनही पुष्कळ लोक मे महिन्याच्या सुट्टीत युरोपला जातात. राहण्याची जागा, आगगाडीचे पास, पाहायच्या स्थळांची यादी हे सारे आधी ठरलेले असते. दादासाहेबांनीही तयारी केली, पण तिची तऱ्हा निराळी होती. कित्येक महिने रोज चित्रपट पाहावेत, घरी येऊन प्रयोग करावेत, पुस्तक मागवून अभ्यास करावा, लंडनचे ‘बायोस्कोप’ साप्ताहिक वर्गणी भरून वाचावे, हा त्यांचा क्रम. झोप कमी आणि डोळ्यांना ताण फार. शेवटी काही काळ दिसेनासे झाले. वैद्यकीय उपचारांनी दृष्टी परत आली आणि काम पुन्हा सुरू झाले.

प्रश्न पैशांचा होता. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजारांचे कर्ज उभे केले. विमा म्हणजे आपल्या माघारी बायकामुलांची सोय. तीच गहाण ठेवून हा गृहस्थ बोटीवर चढला! पत्नी सरस्वतीबाई पाठीशी उभ्या होत्या, म्हणूनच हे शक्य झाले.

1 फेब्रुवारी 1912 रोजी त्यांनी मुंबई सोडली. तेव्हा पारपत्राची सक्ती नव्हती, पण विमानही नव्हते. एडन, सुएझ, भूमध्य समुद्र अशी ती आठवड्यांची वाट. काही उतारू मार्सेलला उतरून आगगाडीने फ्रान्स ओलांडीत, तर काही थेट बोटीनेच इंग्लंड गाठीत.

लंडनमध्ये त्यांच्या ओळखीचे कोणी होते का? माणूस नव्हता, पण एक नाव होते. पिकॅडिलीच्या परिसरात ‘बायोस्कोप’ची पाटी दिसताच ते सरळ आत गेले. संपादकांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडमध्येच हा धंदा अनेकांना बुडवून गेला होता. पण या माणसाचा अभ्यास पाहून त्यांनीच वॉल्टन येथील निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओचे सर्व विभाग त्यांना मोकळेपणाने दाखवले. मग सुमारे पन्नास पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या साडेसातशे रुपयांना, विल्यम्सन कॅमेरा घेतला. कोडॅकची कच्ची फिल्म व तिला कडेची भोके पाडणारे यंत्र यांची मागणी नोंदवली आणि परतीची वाट धरली.

1 एप्रिल 1912 रोजी ते परत आले. साठ दिवसांत लंडनचा मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा! तेवढ्यात काम झाले, कारण काय पाहायचे व काय विचारायचे हे ते मुंबईतच शिकून गेले होते.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. फिल्मला भोके पाडायला सरस्वतीबाई बसल्या, कंपनीच्या माणसांचा स्वयंपाकही त्यांनीच सांभाळला. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवले. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट म्हणून त्याला मान मिळाला. त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला आणला. 1914 साली आपले तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. या वेळी ते शिकायला नव्हे, दाखवायला गेले होते. तेथेच राहून काम करण्याचे बोलावणे आले, पण त्यांनी ते नाकारले.

16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकलाच त्यांचे निधन झाले. अखेरची वर्षे विपन्नावस्थेत गेली. 1969 पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो व पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातून अजून कोणी समुद्र ओलांडलेला नाही. उद्या आपल्यालाही संधी मिळेल. तेव्हा तिकिटाआधी आपण प्रश्नाची तयारी करू या. मनात प्रश्न पक्का असेल तर परक्या शहरातले दोन आठवडेही पुरतात, हे आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने दाखवून दिले आहे.