बर्फातून चालत गेलेला तपासनीस

इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलात की एक काम करा. बाकीचे मोठ्या मशीनसमोर सेल्फी काढत असतील, तेव्हा तुम्ही भिंतीवरचं इलेक्ट्रिक पॅनल शोधा. त्याच्या दारावर कधी कधी एक स्टिकर असतो. शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी, असं त्यावर लिहिलेलं असतं. काही ठिकाणी तारीख उलटून गेलेली असते, काही ठिकाणी स्टिकरचाच पत्ता नसतो.

मग प्रश्न पडतो, कारखान्यातली वीजजोडणी नेमकी किती दिवसांनी तपासायची? याचं उत्तर शोधताना मला एक जुना माणूस सापडला, मायकेल फॅरडे. हो, तोच, बारावीच्या फिजिक्समधला. त्याचा नियम तुम्ही मार्कांसाठी पाठ केला असेल. पण हाच फॅरडे तीसेक वर्षं तपासणीच्या कामावर फिरत होता, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

फॅरडेचा जन्म १७९१ चा, लंडनजवळचा. वडील लोहार, घरात पैशांची चणचण. शाळा जेमतेम झाली आणि चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे कामाला लागला. इतर मुलं पुस्तकं नुसती बांधायची, हा ती वाचायचा. १८१२ मध्ये एका ग्राहकाने त्याला हम्फ्री डेव्ही या गाजलेल्या शास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने तिथे नोट्स काढल्या, त्या नीट लिहून स्वतःच्या हाताने बांधल्या आणि थेट डेव्हीला पाठवून दिल्या. पुढच्या वर्षी तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लॅब असिस्टंट झाला. नोट्सच्या जोरावर नोकरी! परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्स काढणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

२९ ऑगस्ट १८३१ ला त्याने लोखंडाच्या एका कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. तेव्हा आतासारखी आवरण घातलेली वायर बाजारात मिळत नव्हती. म्हणून तारांचे वेढे एकमेकांना लागू नयेत यासाठी त्याने मध्ये सुतळी आणि सुती कापड घातलं. एका वेटोळ्याला बॅटरी जोडली की दुसऱ्याला लावलेली सुई क्षणभर हलायची. बॅटरी काढली की पुन्हा हलायची. जनरेटर आणि ट्रान्सफॉर्मर या दोन्हींमागचं तत्त्व हेच. आणि ही करामत जमली ती मध्ये कापड होतं म्हणून. आवरण फाटलं की खेळ खलास, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

यानंतर तो लॅबमध्ये आरामात बसू शकला असता. पण १८३६ मध्ये त्याने ट्रिनिटी हाउसचा वैज्ञानिक सल्लागार व्हायचं मान्य केलं. इंग्लंड आणि वेल्समधली दीपगृहं सांभाळणारी ही संस्था. दिवे, काचा, धुराडी, अगदी पिण्याचं पाणीसुद्धा तो तपासायचा.

१८४४ मध्ये सरकारने त्याला वेगळ्याच कामावर पाठवलं. डरहॅम परगण्यातल्या हॅसवेलच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ९५ माणसं आणि मुलं गेली होती. फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायल चौकशीसाठी खाणीत उतरले. तिथे वीज नव्हती, धोका होता गॅसचा. खाणीत हवा किती वेगाने वाहते ते कसं मोजता, असं फॅरडेने विचारलं. तिथल्या तपासनीसाने चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीवर सोडली आणि धूर किती वेळात पुढे सरकतो ते घड्याळावर पाहून दाखवलं. मग फॅरडेने विचारलं, ही दारू ठेवता कुठे? उत्तर मिळालं, पिशवीत. पिशवी कुठे आहे? साहेब, तुम्ही तिच्यावरच बसला आहात!

हसू येतं ना? पण खाणीत रोज काम करणाऱ्यांना त्या पिशवीचं काहीच वाटत नव्हतं. सवय झाली की धोका दिसेनासा होतो. तो दिसला बाहेरून आलेल्या माणसाला, आणि तोही त्याने खोदून विचारलं म्हणून. हवा खेळती ठेवण्याचे उपाय या दोघांनी अहवालात सुचवले, स्फोटात कोळशाच्या धुळीचाही हात असतो हेही लिहिलं. खाणमालकांना मात्र खर्च जास्त वाटला. ओळखीचं वाटतंय?

आता या गोष्टीत वीज येते. डिसेंबर १८५८ मध्ये डोव्हरजवळच्या साउथ फोरलँड दीपगृहात विजेचा दिवा प्रयोग म्हणून लावला गेला. खाली वाफेचं इंजिन, त्यावर फिरणारं यंत्र, वर झगझगीत प्रकाश. यंत्र फ्रेडरिक होम्सचं, तत्त्व फॅरडेचं. म्हणजे स्वतःच्याच शोधाची तपासणी फॅरडेकडे आली. आपल्याच शोधाला पास करून टाकणं किती सोपं होतं! पण दिवा विझला तर जहाज खडकावर जाणार होतं.

१३ फेब्रुवारी १८६० ला तो पाहणीसाठी निघाला, तेव्हा त्याचं वय ६८. वाटेत बर्फाच्या वादळात ट्रेन अडकता अडकता वाचली. दुसऱ्या दिवशी दीपगृहाकडचे रस्ते बर्फाने बंद, म्हणून तो लंडनला परतला. शुक्रवारी पुन्हा गेला. रस्ता अजूनही बंदच होता. मग हा म्हातारा रात्री कुंपणं, भिंती ओलांडत, शेतांतून चालत दीपगृहापर्यंत पोहोचला आणि पाहणी करूनच आला. उन्हाळ्यात जाता आलं नसतं का? आलं असतं. पण दिव्याची खरी परीक्षा वाईट हवेतच होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत आणि नंतर २०१० मध्ये आलेल्या सुरक्षा नियमांतही, चालू वीजजोडणीची तपासणी आणि चाचणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या आत व्हावी असं म्हटलेलं होतं. जास्तीत जास्त हे शब्द नीट वाचा. ही शेवटची मर्यादा झाली. कोरड्या, शांत ऑफिसातली वायर आणि डाइंग युनिटमधली वायर एकाच वेगाने म्हातारी होत नाही. ओल, धूळ, उष्णता, रसायनं आणि सतत थरथरणारी मशीन असली की आवरण कडक होऊन तडकतं, स्क्रू सैल होतात. नवी मशीन त्याच जुन्या लाइनवर जोडली की ताण आणखी वाढतो. अशा ठिकाणी तपासणी लवकर हवी, आणि मागच्या वेळी दोष जास्त सापडले असतील तर त्याहून लवकर. जळका वास, गरम झालेला प्लग, तुटकं झाकण यांच्यासाठी तर तारखेची वाट बघायचीच नसते.

गंमत बघा, तपासणीची साधनंही फॅरडेचीच. आवरण शाबूत आहे का ते मेगरने बघतात. सप्लाय बंद करून तारांवर साधारण ५०० व्होल्ट डीसी लावतात आणि रोध निदान १ मेगओहम भरतो का ते पाहतात. जुन्या मेगरला हँडल असायचं, आत छोटा जनरेटर. आणि करंट जमिनीत गळायला लागला की सप्लाय तोडणाऱ्या आरसीसीबीच्या पोटात काय असतं माहितीये? लोखंडी मिश्रधातूचं कडं आणि त्यावर तारेचं वेटोळं. १८३१ च्या त्या कड्याचा पणतूच म्हणा ना.

फॅरडे १८६७ मध्ये गेला. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्याने नाकारलं होतं, दीपगृहांचं काम मात्र म्हातारपणापर्यंत सोडलं नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण डिप्लोमा किंवा डिग्री संपवून शॉप फ्लोअरवर उभे राहाल. हातात चेकलिस्ट येईल, आणि शेजारचा सांगेल, गेल्या वर्षीचंच कॉपी कर, काही होत नाही. त्या वेळी ती दारूची पिशवी आठवा. पेन खाली ठेवा, पॅनलपर्यंत स्वतः चालत जा आणि आधी विचारा, आपण बसलोय कशावर?