बायकोला फसवणाऱ्या राजाची गोष्ट लिहिली आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं

नृसिंहवाडीला गेलं की दत्ताच्या पादुकांचं दर्शन होतं, बासुंदी होते, पेढ्यांचा पुडा पिशवीत जातो. मग घाटावर बसून संगम बघायचा. इथे कृष्णा येते सांगलीवरून आणि पंचगंगा येते कोल्हापूरवरून.

याच दोन नद्यांच्या काठाने एका लेखकाचं आयुष्य गेलं. जन्म सांगलीचा, लेखनातली पुढची सगळी वर्षं कोल्हापूरची आणि मृत्यू जवळच्याच मिरजेत. ते लेखक म्हणजे वि. स. खांडेकर.

खांडेकर म्हटलं की आदर्शवाद, त्याग, ध्येयवेडे नायक असंच डोळ्यासमोर येतं. पण त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी आहे एका बेइमान नवऱ्याची. तिचं नाव 'ययाती'.

आता जरा मागे जाऊ. १८९८ साली सांगलीत जन्मलेल्या या मुलाचं नाव होतं गणेश आत्माराम खांडेकर. वडील संस्थानात मुन्सफ होते, पण मुलगा लहान असतानाच ते गेले. पुढे १९१६ मध्ये सावंतवाडीकडच्या सखाराम खांडेकरांनी त्याला दत्तक घेतलं आणि गणेश आत्मारामचा विष्णू सखाराम झाला. तेव्हा वय होतं अवघं अठरा. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात नाव घातलं होतं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही.

१९२० मध्ये खांडेकर शिरोड्याला शाळामास्तर म्हणून गेले आणि तब्बल १८ वर्षं तिथेच राहिले. समुद्राकाठचं छोटं गाव, गरिबांची मुलं आणि शाळा चालवायची धडपड. 'हृदयाची हाक', 'उल्का', 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या त्याच काळातल्या. मास्टर विनायकांच्या 'छाया' सिनेमाची कथाही त्यांचीच. त्यानंतर १९३८ मध्ये ते कोल्हापूरला आले आणि कोल्हापूरचेच झाले.

१९५९ मध्ये 'ययाती' आली. कथा महाभारतातली. राजा ययातीचं लग्न शुक्राचार्यांच्या देवयानीशी होतं. एका भांडणापायी राजकन्या शर्मिष्ठा देवयानीची दासी होऊन सोबत येते. राजा बायकोपासून लपवून शर्मिष्ठेशी संबंध ठेवतो. प्रकरण उघडकीला येतं, सासरा म्हातारपणाचा शाप देतो आणि राजा तारुण्य मागायला थेट पोटच्या पोराकडे हात पसरतो. शर्मिष्ठेचा मुलगा पुरू ते देऊन टाकतो.

मग खांडेकरांनी यात वेगळं काय केलं? त्यांनी तिघांनाही बोलू दिलं. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात. त्यामुळे वाचताना गंमत होते. राजाचं ऐकलं की त्याची कीव येते, देवयानीचं ऐकलं की तिचा संताप पटतो आणि शर्मिष्ठेचं ऐकलं की दोघांचाही राग येतो. फसवणूक एकच, पण ती तीन घरांतून बघितल्यासारखी दिसते.

आता साधारण शंभर वर्षं मागे, फ्रान्समध्ये जाऊ. १८५६ मध्ये गुस्ताव्ह फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' पॅरिसच्या एका नियतकालिकात क्रमशः छापून आली. खेड्यातल्या डॉक्टरची बायको एमा संसाराला कंटाळते, नवऱ्याला फसवते, कर्जात बुडते आणि शेवटी विष घेते. नीतिमत्ता बिघडवते म्हणून लेखकावर खटला भरला गेला. १८५७ मध्ये तो निर्दोष सुटला आणि पुस्तक तुफान खपलं.

दोन कादंबऱ्यांमध्ये देश, काळ, भाषा सगळं वेगळं. पण शेवट बघितला तर एक धागा सारखा सापडतो. एमाची छोटी मुलगी बेर्त शेवटी अनाथ होते आणि पोटासाठी सूतगिरणीत कामाला लागते. इकडे पुरू ऐन तारुण्यात म्हातारा होतो. सुख आईबापांनी शोधलं आणि किंमत मुलांनी मोजली.

बाहेरख्यालीपणाची चर्चा झाली की आपण नवरा, बायको आणि तिसरी व्यक्ती एवढंच मोजतो. घरातलं चौथं माणूस, म्हणजे मूल, हिशोबात येतच नाही. खांडेकरांनी मात्र ते धरलं. कोवळ्या वयात बाप गेलेला आणि तरुणपणी बापाचं नाव बदललेला हा माणूस होता. अर्धं तारुण्य त्याने दुसऱ्यांची मुलं शिकवण्यात घातलं होतं. या अनुभवातूनच पुरू उभा राहिला, असा दावा करता येणार नाही. पण 'ययाती' वाचताना हे आयुष्य आठवतं, एवढं खरं.

आणखी एक फरक लक्षात घ्या. महाभारतातला ययाती मुलाचं तारुण्य हजार वर्षं भोगतो आणि मग शहाणा होतो. खांडेकरांच्या ययातीला आपण काय केलं हे उमगायला एवढा वेळ लागत नाही. मुलाचं म्हातारं झालेलं शरीर समोर बघितल्यावर कुठल्याही बापाला जे वाटेल, तेच त्याला वाटतं.

या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६८ मध्ये खांडेकरांना पद्मभूषण मिळालं. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो मिळवणारे ते पहिले मराठी लेखक ठरले. तोवर त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं.

आज कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे. पुढच्या वेळी वाडीला दर्शनाला गेलात तर येताना तिकडेही डोकावून या. आणि 'ययाती' अजून वाचली नसेल, तर यावेळी ती राजाच्या नाही, पुरूच्या बाजूने वाचून बघा.