टिळकनगरचे कै. महादेव डहाणूकर

नगर जिल्ह्यात उद्योगाचा विषय निघाला की प्रथम सहकाराचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु १९५० साली लोणीस सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच्याही आधी या अवर्षणग्रस्त मुलुखात खासगी भांडवलावर कारखाना उभारण्याचे धाडस ज्यांनी केले, त्यांची नावे आपल्या मुलांस ठाऊक नसतात. कै. महादेव डहाणूकर हे त्यांपैकी एक. त्यांच्या कार्याचा अल्प परिचय आमच्या ज्ञातिबांधवांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे. उद्यमशील पुरुष कोणत्या ज्ञातीचा, हा विचार येथे गौण होय.

प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि बाजरीच्या रानात कालव्याचे पाणी खेळू लागले. पाण्यामागोमाग ऊस आला. हरेगावी बेलापूर कंपनीचा कारखाना होताच. १९३२ साली देशी साखरेस जकातीचे संरक्षण मिळाले व जावाच्या साखरेशी टक्कर देणे शक्य झाले. ही संधी ओळखून डहाणूकरांनी १९३३ साली ‘दि महाराष्ट्र शुगर मिल्स’ ही कंपनी स्थापिली. श्रीरामपूरनजीक तिच्या कारखान्याभोवती जी वसाहत वसली, ती टिळकनगर होय. लोकमान्यांचे नाव तिने अद्याप धारण केले आहे.

साखर काढून घेतल्यावर मागे काळी, दाट मळी उरते. ती टाकून दिली तर दुर्गंधी पसरते. आंबवून तिचे ऊर्ध्वपातन केले तर मद्यार्क मिळतो. औषधे व रसायने यांच्या निर्मितीस तो लागतो. कंपनीने साखरेस मद्यार्काची जोड दिली. १९७३ पासून ती विदेशी धर्तीची मद्ये करू लागली. कालांतराने साखरेचे गाळप थांबले आणि १९९३ साली कंपनीचे नाव ‘टिळकनगर इंडस्ट्रीज’ झाले. जो जोडधंदा होता, तोच मुख्य धंदा झाला! आज तिची ब्रँडी दक्षिण भारतात मोठ्या प्रमाणावर खपते.

येथे कोणी विचारील, मद्याशी संबंध असलेल्या उद्योगाचे गुणगान शिक्षकाने का करावे? आम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांस निर्व्यसनी राहण्यास सांगितले. तो उपदेश आम्ही मागे घेत नाही. व्यसनापायी धुळीस मिळालेले संसार आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. दुसरीही एक बाजू लपविणे अप्रामाणिक ठरेल. या भागातील खासगी कारखान्यांनी उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या सरकारकडे गेल्या व १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाच्या ताब्यात आल्या. आपली जमीन परत मिळावी म्हणून खंडकरी शेतकऱ्यांच्या पिढ्यांना झगडावे लागले.

तथापि, उजाड माळावर यंत्रे आणणे, माणसांच्या हातांस काम देणे आणि टाकाऊ मळीतून धन निर्माण करणे, हे कर्तृत्व लहान नव्हे. मुंबईत विलेपार्ले येथील वाणिज्य महाविद्यालयास डहाणूकरांचे नाव आहे, हे उचितच आहे.

आपल्या घरांत मुलगा उत्तीर्ण झाला की नोकरीचा अर्ज प्रथम लिहिला जातो. आम्हीही तसेच केले. पुढील पिढीने उद्योगाकडे वळावे, अशी आमची इच्छा आहे. मात्र हिशेब मांडताना नफ्याच्या रकान्याशेजारी जमीन देणाऱ्याचा शेतकऱ्याचा आणि माल घेणाऱ्या कुटुंबाचाही रकाना असावा. डहाणूकरांच्या धाडसाला ही जाणीव जोडली, तरच त्यांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.