कासरा नसलेला सारथी : लेओनार्ड सेप्पाला

आपल्या सीमाभागात कुत्र्याच्या धावण्याची गोष्ट निघाली, की मुधोळचे नाव हटकून निघते. घोरपड्यांच्या त्या जुन्या संस्थानातली उंच, सडपातळ, खोल छातीची कुत्री सशामागे सुटली म्हणजे बघत राहावे! पण सुटलेले मुधोळी कुत्रे हाकेसरशी मागे फिरते का, असे एखाद्या धनगराला विचारून पाहा. बहुधा तो नुसता हसेल. डोळ्यांसमोर सावज असले, की त्या कुत्र्याचे कान जणू मिटतात.

वेग, दम आणि हाकेला ओ देणे या तिन्ही गोष्टी कुत्र्याच्या अंगी एकाच वेळी आणण्यात ज्याचे आयुष्य खर्ची पडले, अशा एका माणसाची ही हकीकत आहे. त्याचा मुलूख मात्र आपल्यापासून फार दूरचा. वर्षातले सात-आठ महिने बर्फाखाली असणारा अलास्का.

लेओनार्ड सेप्पाला याचा जन्म सन १८७७ मध्ये नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडील भागात झाला. वडील लोहारकाम करीत आणि मासेमारीही करीत. मुलगाही तेच शिकला. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर नोम या गावी वाळूत सोने सापडल्याची वार्ता पसरली, तेव्हा हजारो लोकांबरोबर तोही सन १९०० मध्ये तेथे पोहोचला. सोने काही त्याला मिळाले नाही. याफेट लिंडेबर्ग नावाचा त्याचा एक देशबांधव तेथे खाणमालक झाला होता. त्याच्या कंपनीत सेप्पाला नोकरीस लागला. हिवाळ्यात नोमच्या समुद्राचा बर्फ होई, जहाजे बंद पडत, आणि माणूस, टपाल, सामान, सारे काही कुत्र्यांच्या स्लेजवरून म्हणजे घसरगाडीवरून न्यावे लागे. अंगाने बुटका, पण कुस्ती आणि बर्फावरच्या स्कीमध्ये तरबेज असा हा तरुण लवकरच या कामात रमला.

येथे या गाडीविषयी थोडे सांगितले पाहिजे. बैलाला कासरा असतो, घोड्याला लगाम असतो. स्लेजच्या कुत्र्यांना यांपैकी काहीच नसते. दहा, बारा, कधी वीस कुत्री एका लांब दोराला जोडीजोडीने बांधलेली असतात आणि हाकणारा पार मागे, गाडीच्या पट्ट्यांवर उभा. त्याच्या हाती फक्त आवाज. ‘जी’ म्हटले की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटले की डावीकडे. हा आवाज म्होरक्या कुत्रा ऐकतो आणि बाकीची त्याच्यामागे वळतात. म्होरक्याने ऐकले नाही, तर गाडीवरचा माणूस म्हणजे नुसते ओझे.

सन १९१३ मध्ये लिंडेबर्गने सैबेरियातून आणवलेली काही कुत्री, बहुतेक पिल्ले, सेप्पालाच्या स्वाधीन केली. दक्षिण ध्रुव जिंकणारा अमुंडसेन आता उत्तरेकडे जाणार होता, त्याच्यासाठी ती तयार करायची होती. अमुंडसेनचा बेत रद्द झाला आणि कुत्री सेप्पालाकडेच राहिली. ही कुत्री लहानखुरी. अलास्कातली ओझी ओढणारी धिप्पाड कुत्री पाहिलेले लोक त्यांना सैबेरियातले उंदीर म्हणून हिणवीत. वास्तविक १९१० च्या मोठ्या शर्यतीत जॉन जॉन्सन नावाच्या हाकणाऱ्याने सैबेरियन कुत्र्यांच्याच बळावर विक्रम केला होता. पण चेष्टा थांबली नव्हती. धिप्पाड कुत्रे जड ओझे ओढते हे खरे. परंतु लांब पल्ल्यावर प्रत्येक पावलाला स्वतःचे वजनही उचलावे लागते, आणि मोठ्या अंगात साठलेली उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. कारण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, त्याला धापा टाकूनच थंड व्हावे लागते. म्हणून हलके, काटक कुत्रे मैलामागून मैल एकाच चालीने दुडकत राहते.

ही शर्यत म्हणजे नोमहून कँडल या गावी जाऊन परत येणे, एकूण ४०८ मैल. मित्रांच्या आग्रहावरून सेप्पाला १९१४ साली तीत उतरला. कुत्री कोवळी, वाट अपरिचित, तयारी अपुरी. हिमवादळात वाट चुकली आणि गाडी समुद्राकडच्या कड्याच्या दिशेने निघाली. त्याने ती ऐनवेळी कशीबशी आवरली. जीव वाचले, पण कुत्र्यांच्या पंजांच्या गाद्या फाटल्या होत्या, नखे निघाली होती, काहींना हिमदंश झाला होता. त्याने शर्यत सोडली. या पराभवाहून त्याला दुसरीच गोष्ट लागली. एकाही कुत्र्याने थांबायचे नाव काढले नव्हते. आपल्यावर विसंबून ती फाटक्या पायांनी धावत राहिली, आणि कोठे थांबायचे हे ज्याने ठरवायचे, तो आपणच चुकलो, ही बोच त्याच्या मनात राहिली.

पुढच्या हिवाळ्यात त्याने गाजावाजा न करता तयारी केली. त्याची पद्धत सावकाशीची होती. आधी थोडे अंतर, हलकी गाडी. मग अंतर वाढवायचे, पण कुत्र्याच्या मनात धावण्याची हौस शिल्लक असतानाच थांबायचे. बर्फ नसलेल्या दिवसांत तो खाणीच्या बाजूच्या रुळांवर चाकांची एक लहान ट्रॉली ठेवी आणि ती कुत्र्यांकडून ओढवून घेई. त्यामुळे उन्हाळ्यात अंग सुस्त होत नसे. चाबकावर त्याचा भरवसा नव्हता. चढावर तो स्वतः खाली उतरून गाडीमागे धावे. कुत्र्यांचे पंजे तपासणे हे काम तो स्वतःच्या जेवणाच्या आधी करी. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला हे सारे भांडवल राखून व्याजावर धंदा करण्यासारखे वाटते. १९१४ मध्ये त्याने मुद्दलच खर्चून टाकले होते. पुढे १९१५, १९१६ आणि १९१७ अशी तीन वर्षे ती शर्यत त्यानेच जिंकली. सुग्गेन हा त्या काळातला त्याचा म्होरक्या.

परंतु सेप्पालाचे नाव ज्याच्याशी जोडले गेले तो टोगो. हे पिल्लू १९१३ चे. आजारी, खोडकर आणि काही उपयोगाचे न वाटणारे. सेप्पालाने ते दुसऱ्या घरी देऊन टाकले, तर पठ्ठ्याने खिडकीच्या काचेतून उडी मारली आणि काही मैल धावत परत घरी आला! धावत्या गाड्यांमध्ये घुसून इतर कुत्र्यांच्या खोड्या काढायच्या, बोलावले तर यायचे नाही, असा त्याचा क्रम. आपण म्हणू, हा वाया गेला. शेवटी निरुपाय म्हणून, आठ महिन्यांचा असताना, सेप्पालाने त्याला गाडीला जुंपले आणि तो एकदम शांत झाला. त्या पहिल्याच दिवशी तो ७५ मैल धावला आणि संध्याकाळपर्यंत म्होरक्याच्या जोडीला जाऊन पोहोचला. हाकेला न येणाऱ्या त्या पोराला काम हवे होते. हे ओळखायला सेप्पालासारख्या पारख्यालाही आठ महिने लागले.

जानेवारी १९२५. नोममध्ये घटसर्पाची साथ आली. मुले दगावू लागली. गावात डॉक्टर एकच, कर्टिस वेल्च, आणि त्यांच्याजवळचे सिरम जुने झालेले. अँकरेज येथे सिरमची तीन लाख युनिटे सापडली. ती रेल्वेने नेनाना या गावापर्यंत आली. तेथून नोम ६७४ मैल. त्या थंडीत विमान धाडण्याचे धाडस अधिकाऱ्यांना झाले नाही. वीस हाकणारे आणि सुमारे दीडशे कुत्री यांनी टप्प्याटप्प्याने ते औषध न्यावे असे ठरले. सेप्पाला नोमहून उलट दिशेने औषधाला सामोरा निघाला. त्याची एकुलती मुलगी सिग्रिड नोममध्येच होती, हे विसरता येत नाही. आणि म्होरक्या होता टोगो, वयाने बारा वर्षांचा. कुत्र्याचे बारावे वर्ष म्हणजे खरे तर कट्ट्यावर बसण्याचे वय.

सुमारे १७० मैल गेल्यावर, शाक्तूलिक गावाजवळ हेन्री इव्हानॉफ हा हाकणारा सेप्पालाला भेटला. मधल्या काळात टप्पे वाढवले गेले होते आणि ही बातमी वाटेवरच्या सेप्पालाला पोहोचलेली नव्हती. औषध अजून फार पुढे आहे अशा समजुतीत तो इव्हानॉफला ओलांडून जाणारच होता. हाक ऐकून तो थांबला, औषध घेतले आणि तसाच मागे फिरला. आता दोन वाटा होत्या. किनाऱ्याची सुरक्षित पण लांबची. दुसरी, नॉर्टन साउंड नावाच्या गोठलेल्या खाडीवरून सरळ. तपमान शून्याखाली ३० अंश फॅरनहाइट, वर झोंबणारे वारे, रात्र जवळ आलेली. अशा वाऱ्यात बर्फ फुटून तुकड्यासह माणूस समुद्रात वाहून जाऊ शकतो.

त्याने खाडीची वाट धरली.

अंधारात त्याला पुढचे काही दिसत नव्हते; बर्फ तडकल्याचे आवाज वाऱ्यात ऐकू येणे कठीण होते. दिशा टोगोनेच धरून ठेवली. १९१४ च्या कड्याजवळ माणसाने कुत्र्यांना आवरले होते. येथे माणसाने कुत्र्यावर हवाला ठेवला. त्यांनी पलीकडचा किनारा गाठला, काही तास विसावा घेतला. ज्या बर्फावरून ते आले होते तो पुढे काही तासांतच फुटला. नंतर लिटल मॅकिन्ली या डोंगराची चढण, आणि १ फेब्रुवारीला दुपारी गोलोव्हिन. तेथे औषध पुढच्या हाकणाऱ्याच्या हाती दिले. सेप्पाला आणि टोगो यांनी एकूण सुमारे २६० मैल कापले होते, त्यांपैकी औषधासह ९१. इतका लांब आणि इतका धोक्याचा टप्पा दुसऱ्या कोणाच्याच वाट्याला आला नाही.

औषध २ फेब्रुवारीच्या पहाटे नोमला पोहोचले, ते गुन्नार कासेनच्या गाडीवरून. त्याचा म्होरक्या होता बाल्टो. हे कुत्रेही सेप्पालाच्याच कुत्र्यांपैकी, पण सामान ओढणारे. त्याने स्वतः ते या कामासाठी निवडले नव्हते. जो शेवटी दाराशी येतो त्याचेच छायाचित्र वर्तमानपत्रांत छापले जाते! डिसेंबर १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला. टोगोच्या काही पराक्रमांचे श्रेयही बाल्टोच्या नावावर जमा झाले. सेप्पालाला हे फार लागले, आणि ते त्याने लपवलेही नाही. मला त्यात कोतेपणा दिसत नाही. बाल्टोचा काही दोष नव्हता हे खरे; कासेनही वादळातून ५३ मैल आला होता. पण टोगोने त्या धावेत आपले उरलेसुरले बळ खर्चून टाकले होते. यानंतर त्याला लांबचा पल्ला कधीच झेपला नाही. ही किंमत सेप्पालाला ठाऊक होती, कारण ती त्यानेच मोजायला लावली होती.

याच धावेनंतरची एक गंमत सांगतात. परतीच्या वाटेवर टोगो एका जोडीदारासह निसटला आणि रेनडियरच्या मागे पळाला. बारा वर्षांचा, दमलेला, वाखाणलेला म्होरक्या, आणि हाकेला आला नाही! सेप्पाला काळजीने हैराण झाला. काही दिवसांनी दोघेही आपले आपण घरी येऊन दाखल झाले.

पुढे सेप्पालाने टोगोसह अमेरिकेचा दौरा केला. न्यूयॉर्कमध्ये अमुंडसेनच्या हस्ते टोगोला सुवर्णपदक मिळाले. म्हणजे ज्या अमुंडसेनसाठी त्याच्या जातीची कुत्री तयार व्हायची होती, तोच पदक घेऊन उभा होता. सेप्पालाने मेन राज्यात पोलंड स्प्रिंग येथे एलिझाबेथ रिकर यांच्यासमवेत सैबेरियन कुत्र्यांची पैदास सुरू केली, आणि म्हातारा टोगो तेथेच ठेवला. सांधे दुखत, दृष्टी गेलेली. ५ डिसेंबर १९२९ रोजी त्याला वेदनेतून सोडवण्यात आले. पुढल्याच वर्षी अमेरिकन केनेल क्लबने सैबेरियन हस्की या जातीला मान्यता दिली. १९३२ च्या लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लेजची प्रदर्शनीय शर्यत झाली, तीत ५४ वर्षांचा सेप्पाला दुसरा आला.

२८ जानेवारी १९६७ रोजी सिअॅटल येथे तो वारला. त्याची रक्षा अलास्कात इडिटारॉडच्या त्याच जुन्या वाटेवर विखुरण्यात आली. त्या नावाची मोठी शर्यत १९७३ पासून नोमपर्यंत होऊ लागली. तीत सेप्पालाच्या नावाचा एक पुरस्कार आहे, आणि तो पहिल्या येणाऱ्याला मिळत नाही. वाटेवर ज्याने आपल्या कुत्र्यांची निगा सर्वांत चांगली राखली, असे जनावरांच्या डॉक्टरांना वाटते, त्याला तो देतात. टोगोचा पुतळाही न्यूयॉर्कच्या एका बागेत २००१ मध्ये बसला, बाल्टोच्या पुतळ्यानंतर ७६ वर्षांनी.