डॉ. रॉबर्ट कॉख

जर्मनींतील क्लाउस्टाल ह्या खाणींच्या गांवीं ता. ११ डिसेंबर १८४३ रोजीं रॉबर्ट कॉख यांचा जन्म झाला. वैद्यकाचें शिक्षण संपवून ते वोल्श्टाइन ह्या आडगांवीं (तें आज पोलंडांत आहे) सरकारी डॉक्टर झाले. रोगी तपासून उरलेला वेळ ते घरींच सूक्ष्मदर्शक यंत्रापाशीं घालवीत. काळपुळीच्या रोगाचें कारण एक जंतु आहे, हें त्यांनीं १८७६ सालीं तेथूनच सिद्ध केलें.

त्या काळीं क्षयाची निश्चिती पुष्कळदां शवविच्छेदनांतच होई. क्षयाचा जंतु मेणचट आवरणाचा असल्यामुळें साधा रंग त्यास लागत नाहीं. कॉख यांनीं निळ्या रंगांत क्षार मिसळून काचपट्ट्या दिवसभर बुडवून ठेविल्या व वरून तपकिरी रंग दिला. तेव्हां तपकिरी पार्श्वभूमीवर बारीक निळ्या काड्या उठून दिसल्या. ता. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथील सभेंत त्यांनीं हा शोध जाहीर केला. त्याच वर्षीं पाउल एरलिख यांनीं दाखविलें कीं, हा जंतु एकदां रंगला म्हणजे आम्लानेंही त्याचा रंग जात नाहीं. बेडक्याची तपासणी ह्याच गुणावर उभारलेली आहे. आमच्या वाचक मुलींपैकीं ज्या परिचारिका होणार असतील, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, तपासणीस तोंडांतील लाळ नव्हे, तर छातींतून खोकून काढलेला बेडका पाठवावा लागतो.

१८९० सालीं मात्र कॉख यांचें पाऊल घसरलें. ट्युबर्क्युलिन नांवाचा द्रव क्षयावर गुणकारी असल्याचें त्यांनीं जाहीर केलें, पण त्याची कृति गुप्त ठेविली. रोग्यांची बर्लिनला रीघ लागली. गुण तर आला नाहींच. उलट कित्येक दगावले. कीर्तिमान पुरुषाच्या शब्दावर लोकांनीं पुराव्याआधींच विश्वास टाकला, व त्यांनीं तो टाकूं दिला, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या चरित्रांत झांकून ठेवावीशी वाटत नाहीं.

पुढें त्याच द्रवापासून चाचणी निघाली. त्याचें शुद्ध रूप हाताच्या कातडींत टोचतात व दोन-तीन दिवसांनीं तेथील लाली नव्हे, तर कठीण सूज मापतात. तीवरून संसर्ग झाल्याचें कळतें. रोग जडलाच आहे असें मात्र ठरत नाहीं.

१९०५ सालीं कॉख यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ता. २७ मे १९१० रोजीं बाडेन-बाडेन येथें ते वारले. आपल्याकडील कित्येक डॉक्टर रोग्यादेखत क्षयाचें नांव उच्चारावयाचें टाळतात व त्याऐवजीं नुसतें कॉक्स म्हणतात.