एडगर देगा : समोरचा चेहराच दिसेनासा झालेला चित्रकार

गोष्ट १८७० सालची. प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला होता. शहर वाचवायला नॅशनल गार्डमध्ये भरती झालेला ३६ वर्षांचा एक चित्रकार बंदुकीचा नेम धरायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, उजव्या डोळ्याला निशाणच दिसत नाहीये.

हा चित्रकार म्हणजे बॅले नर्तिकांच्या चित्रांसाठी ओळखला जाणारा एडगर देगा.

वेढ्याच्या दिवसांतल्या थंडीनं आणि ओलाव्यानं डोळा बिघडला, असं त्याला वाटायचं. पण १८७२ मध्ये तो अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला, आईच्या माहेरी गेला. तिथे मामेबहीण एस्टेल होती, जी त्याच्या धाकट्या भावाची बायकोही होती. ती तेव्हा जवळजवळ अंध झाली होती. फुलदाणीत फुलं रचणाऱ्या एस्टेलचं चित्र देगानं काढलं. तिथलं लख्ख ऊन मात्र त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना सोसेना.

एकाच घराण्यात दोघांची नजर ऐन तारुण्यात अधू झाली. म्हणूनच हा मॅक्युलाचा आनुवंशिक आजार असावा, असं काही नेत्रतज्ज्ञांना वाटतं. अर्थात, इतक्या वर्षांनी हा अंदाजच.

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला इवलासा भाग. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, सगळं त्याच्या जिवावर. तो बिघडला की कडेचं दिसत राहतं, माणूस रस्त्यानं चालू शकतो. पण जिथे नजर रोखावी, नेमकं तिथेच धूसर होतं. चष्म्यानंही फरक पडत नाही.

आणि देगाची तर सगळी ताकद रेषेत होती! बारीक काम जमेना, तसा तो पेस्टलच्या जाड फटकाऱ्यांकडे वळला. मेणाच्या मूर्तींवरही त्याचा हात जास्त फिरू लागला. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ मायकल मार्मर यांनी ही उत्तरकाळातली चित्रं संगणकावर तशाच अधू नजरेतून दिसतील अशी धूसर करून पाहिली. आपल्याला खरबरीत वाटणाऱ्या रेषा त्यात एकमेकींत मिसळून मऊ झाल्या. म्हणजे देगाला स्वतःचं चित्र कदाचित तितकं रांगडं दिसतच नसावं.

१९१२ मध्ये इमारत पाडायची म्हणून जुनं घर आणि स्टुडिओ सोडावा लागला, आणि काम थांबलं. १९१७ मध्ये तो गेला. मागे मेणाच्या आणि मातीच्या सुमारे १५० मूर्ती सापडल्या, बऱ्याचशा मोडक्या. त्याच्या हयातीत प्रदर्शनात लोकांनी पाहिली होती ती एकच, १८८१ मध्ये मांडलेली १४ वर्षांची छोटी नर्तिका.