थॉमस विलिस

थॉमस विलिस (२७ जानेवारी, १६२१ – ११ नोव्हेंबर, १६७५) हे सतराव्या शतकातील इंग्लिश वैद्य व शरीररचनाशास्त्रज्ञ होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्यास त्यांच्या नावावरून 'विलिसचे वर्तुळ' असे म्हणतात.

जीवन

विलिस यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील ग्रेट बेडविन या गावी झाला. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयातून ते १६४२ मध्ये एम.ए. झाले. त्याच वर्षी यादवी युद्ध पेटले व विलिस राजाच्या बाजूने शस्त्र घेऊन उभे राहिले. १६४६ मध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. मात्र युद्धाच्या धामधुमीत रीतसर अध्ययन फारसे झालेले नव्हते. आरंभी ते ॲबिंग्डनच्या आठवडी बाजारात रुग्ण तपासत. पराभूत पक्षाचा हा निष्ठावंत माणूस बंदी असलेली अँग्लिकन उपासना स्वतःच्या घरी चालवीत असे.

डिसेंबर १६५० मध्ये ॲन ग्रीन या दासीस अर्भकहत्येच्या आरोपावरून फाशी देण्यात आले. विच्छेदनासाठी आणलेली तिची शवपेटी उघडली असता श्वास चालू असल्याचे आढळले. विल्यम पेटी व विलिस यांनी विच्छेदन बाजूला ठेवून उपचार केले, ती वाचली आणि पुढे तिला माफीही मिळाली.

राजसत्ता पुन्हा आल्यावर १६६० मध्ये विलिस ऑक्सफर्ड येथे निसर्गतत्त्वज्ञानाचे सेडलियन प्राध्यापक झाले. १६६७ मध्ये ते लंडनला गेले व तेथे त्यांचा व्यवसाय भरभराटीस आला. त्यांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबीत झाले.

मेंदूचे संशोधन

'सेरेब्री ॲनाटोमी' हा त्यांचा लॅटिन ग्रंथ १६६४ मध्ये प्रसिद्ध झाला. विच्छेदनात रिचर्ड लोअर यांचा मोठा हात होता, तर चित्रे काढण्यात पुढे वास्तुशिल्पी म्हणून गाजलेले क्रिस्टोफर रेन यांचा. मेंदू कवटीत ठेवून वरून काप घेण्याऐवजी तो अखंड बाहेर काढून खालून पाहिल्यामुळे तळाच्या धमन्या स्पष्ट दिसल्या.

हे कडे विलिस यांनीच प्रथम पाहिले असे म्हणणे बरोबर नाही. कॅसेरियो, वेस्लिंग, वेप्फर यांनी त्याचे कमीअधिक वर्णन आधीच केले होते. विलिस यांचे खरे श्रेय त्याचे प्रयोजन ओळखण्यात आहे. एका शवात उजवी कॅरोटिड धमनी पूर्ण बुजलेली होती. तरीही त्या माणसास पक्षाघात झालेला नव्हता, मृत्यू अन्य विकाराने आला होता. त्याच बाजूची, मणक्यांतून वर जाणारी धमनी मात्र फुगून मोठी झाली होती. एका कॅरोटिडमध्ये रंगीत द्रव सोडल्यास तो दुसरीतून बाहेर येतो, हेही त्यांनी दाखविले. एक वाट बंद झाली तरी रक्त दुसऱ्या वाटेने मेंदूस पोहोचते, हा त्याचा अर्थ.

वर्तुळातील भिन्नता

पाठ्यपुस्तकातील सुबक, बंद वर्तुळ सर्वांना लाभत नाही. अनेक पाहण्यांत ते निम्म्याहूनही कमी लोकांत तसे आढळले आहे. पुढच्या व मागच्या भागास सांधणारी धमनी पुष्कळदा सुतासारखी बारीक असते, क्वचित नसतेच. काहींत मेंदूच्या मागील भागाची धमनी, गर्भावस्थेत असते त्याप्रमाणे, मुख्यतः कॅरोटिडकडूनच रक्त घेत राहते. पुढील भागातील एखाद्या धमनीचा आरंभीचा तुकडा एका बाजूस अविकसित असू शकतो. अशा वेळी रक्ताचा भार दुसऱ्या बाजूवर पडतो आणि सांध्यापाशी ॲन्युरिझम म्हणजे धमनीचा फुगवटा होण्याचा धोका वाढतो. यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर कसलाही त्रास होत नाही. प्रश्न येतो तो एखादी मुख्य धमनी बुजली म्हणजे: विलिस यांच्या त्या रुग्णास वाचविणारी आडवाट प्रत्येकाकडे असेलच असे नाही. म्हणून मानेतील धमनी काही काळ बांधावी लागणार असेल, तर शल्यचिकित्सक आधी हे वर्तुळ चित्रणाद्वारे पाहून घेतात.

अन्य कार्य

मज्जासंस्थेच्या अभ्यासास 'न्यूरॉलॉजी' हे नाव विलिस यांच्यापासून रूढ झाले. मधुमेहाच्या रुग्णाची लघवी गोड असते, हेही त्यांनी नोंदविले. चरक-सुश्रुतांच्या परंपरेस ही गोष्ट कित्येक शतके आधी ठाऊक होती, त्यामुळे या शोधाचे श्रेय युरोपपुरतेच धरावे.